उपकाराचा पाव आणि निःस्वार्थ नायक

आपल्या समीक्षेत नायकाचे मोठेपण मोजायचे झाले की 'त्याग' हे माप सर्वांत आधी बाहेर काढले जाते. नायकाने काय सोडले, कोणासाठी सोडले, सोडताना तो हसला की रडला, याची चर्चा होते. त्याच्याकडे सोडण्यासारखे मुळात होते काय, आणि ते त्याच्याकडे आले कुठून, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो केवळ मराठी वाङ्मयालाच विचारावा असेही नाही. गेल्या काही वर्षांत जगभरच्या तरुण मुलामुलींनी ज्या कादंबऱ्या डोक्यावर घेतल्या, त्यांनाही तो विचारला पाहिजे. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातली मुलेसुद्धा आता त्या वाचतात, निदान त्यांचे चित्रपट पाहतात. आणि त्यातला नायक मनात घेऊनच त्यांपैकी काही जण चळवळीत येतात.

सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' ही कादंबरी 2008 साली आली. 2009 आणि 2010 मध्ये तिचे पुढचे दोन भाग आले. उत्तर अमेरिकेच्या भग्नावशेषांवर उभे राहिलेले पॅनेम नावाचे राज्य, मध्यभागी ऐषआरामात लोळणारे कॅपिटॉल आणि त्याला पोसणारे बारा जिल्हे अशी ही रचना आहे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्याने बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची, आणि त्या चोवीस मुलांनी एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायचे. बाराव्या जिल्ह्यातून कॅटनिस आणि पीटा मेलार्क जातात. कथा कॅटनिस सांगते. पण वाचक ज्याच्या चांगुलपणावर भाळतात तो पीटा. स्वतः जगण्यापेक्षा तिला जगवण्यासाठी धडपडणारा, कधी काही न मागणारा. या प्रकारच्या वाङ्मयातला निःस्वार्थ नायकाचा नमुना म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवले जाते.

पीटाचा चांगुलपणा खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. तो खराच आहे. पण तो कोणत्या जमिनीवर उगवला हे लेखिकेने स्पष्ट दाखवले आहे, आणि वाचकांनी ते सोयीने वगळले आहे.

बाराव्या जिल्ह्यात दोन वस्त्या आहेत. एक दुकानदारांची; हे लोक गोरे, निळ्या डोळ्यांचे. दुसरी सीम नावाची कोळसा-खाणीतल्या मजुरांची; हे लोक सावळे, काळ्या केसांचे, करड्या डोळ्यांचे. दोघेही कॅपिटॉलचे गुलामच, पण गुलामांतही पायऱ्या आहेत. सोडतीची चिठ्ठी वयाबरोबर एकेकाने वाढते. आणि ज्याला धान्य हवे असेल त्याने घरातल्या प्रत्येक माणसामागे एक जादा चिठ्ठी टाकायची. त्यामुळे सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या वीस चिठ्ठ्या आहेत. अठरा वर्षांच्या गेलच्या बेचाळीस. ज्या घरात चूल पेटते त्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या पाचच. ही व्यवस्था आपल्यात भांडणे लावण्यासाठीच केली आहे, हे गेल ओळखतो. श्रेणीबद्ध विषमतेचा बाबासाहेबांनी मांडलेला विचार ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वरच्या पायरीवरचा गुलाम खालच्याकडे पाहून समाधान मानतो, आणि खालचा वरच्यावर दात खातो. वरचा धनी दोघांच्याही नजरेबाहेर राहतो.

आता तो प्रसिद्ध पावाचा प्रसंग पाहा. बाप खाणीतल्या स्फोटात गेला आहे, आई सुन्न झाली आहे, अकरा वर्षांची कॅटनिस पावसात भिजत दुकानदारांच्या मागच्या दारचे कचऱ्याचे डबे धुंडाळते आहे. बेकरीवाली तिला हाकलून देते. सीमच्या पोरांचा तिला वीट आला आहे. मग तिचा मुलगा दोन पाव करपवतो, त्यासाठी आईचा मार खातो, पाव डुकराला घाल असे ऐकून बाहेर येतो आणि ते त्या मुलीच्या दिशेने फेकतो. तिच्याकडे न पाहताच आत जातो.

या मुलाने मार खाल्ला, हे मी विसरत नाही. त्याच्या घरचे लोकही विक्रीतून उरलेले शिळे पावच खातात, हेही कादंबरीत पुढे येते. तरीसुद्धा हा पाव कसा पोहोचला ते नीट पाहिले पाहिजे. तो हातात दिला गेला नाही. तो डुकराच्या वाट्याचा होता आणि तो लांबून टाकला गेला. हे दृश्य वाचताना आपल्या वाचकाला काय आठवेल ते मी सांगण्याची गरज नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उष्टे-शिळे खाणे सोडा असे सांगितले, तेव्हा टाकणाऱ्याचे मन दयाळू आहे की नाही हा मुद्दाच नव्हता. टाकणे आणि झेलणे हे नातेच मोडायचे होते.

कॅटनिस ते झेलते, कारण घरी प्रिम उपाशी आहे. आणि त्या दिवसापासून ती ऋणी होते. पुढच्या तिन्ही भागांत या ऋणाचा काटा तिला सलत राहतो. मराठीत 'उपकार' हा शब्द जितका गोड तितकाच जड आहे. माझ्या घरात शिकलेला मी पहिला. माझ्या परीक्षेची फी एकदा गावातल्या एका दुकानदाराने भरली होती. माणूस वाईट नव्हता, त्याने कधी बोलून दाखवले नाही. पण पुढे कित्येक वर्षे माझी आई त्याच्या दुकानात तराजूच्या काट्याकडे नजर वर करून पाहू शकली नाही. देणारा निःस्वार्थ असला म्हणून घेणाऱ्याची मान सरळ राहते असे नाही.

या कादंबरीत आणखी एक भाकरी आहे. पीटाचे गोडवे गाणारे तिच्यापाशी फारसे थांबत नाहीत. अकरावा जिल्हा शेतीचा. तिथले लोक पिकवतात आणि त्यांनी त्यातले खाल्ले तर त्यांना चारचौघांत चाबकाने फोडले जाते. तिथली बारा वर्षांची रू, काळ्यासावळ्या वर्णाची, सहा भावंडांत थोरली, रिंगणात मारली जाते. कॅटनिस तिच्या देहाभोवती फुले ठेवते. थोड्या वेळाने आकाशातून एक छोटे पॅराशूट उतरते. त्यात अकराव्या जिल्ह्याची गडद रंगाची, चंद्रकोरीच्या आकाराची, वर बिया पेरलेली भाकरी असते. ज्यांना पुरते खायला मिळत नाही त्यांनी पै-पै जमवून ती रूसाठी घेतली होती. रू गेल्यावर ती परत न घेता परक्या जिल्ह्याच्या मुलीला पाठवली. असे पूर्वी कधी घडले नव्हते. या भाकरीत उपकार नाही. ती खालून वर आलेली नाही आणि वरून खाली टाकलेली नाही. उपाशी माणसाने उपाशी माणसाला दिलेली ती ओळख आहे. कॅटनिसला तिचे ऋण वाटते, पण लाज वाटत नाही.

या कादंबरीवर 2012 मध्ये चित्रपट आला, तेव्हा रूची भूमिका कृष्णवर्णीय मुलीने केली म्हणून अमेरिकेतले काही चाहते समाजमाध्यमांवर उघडपणे चिडले. रूचा रंग पुस्तकात लिहिलेला होता; त्यांनी तो वाचला नव्हता. ज्यांना रूचा रंग दिसला नाही त्यांना तिच्या लोकांची भाकरी कशी दिसणार? शिवाय कादंबरीत पीटा पहिल्या खेळात एक पाय गमावतो. चित्रपटाने तो शाबूत ठेवला. त्याग हवा, पण त्याची खूण डोळ्यांना बोचायला नको.

रिंगणात उतरण्याच्या आदल्या रात्री पीटा कॅटनिसला सांगतो की, मरायचे तर आहेच, पण मरताना आपण आपणच राहावे. त्यांनी आपल्याला राक्षस करू नये, आपण त्यांच्या खेळातली सोंगटी नाही हे दाखवता यावे. विचार थोर आहे. पण कॅटनिस मनात म्हणते की, मी झाडे कुठे मिळतील याचा हिशोब करते आहे आणि हा आपल्या 'स्व'ची शुद्धता कशी राखावी या विवंचनेत आहे. आणि तिला स्वतःचे हीन वाटते. मला या ठिकाणी लेखिकेचे कौतुक वाटते. शुद्धतेची चिंता करायला सवड लागते, आणि ज्याला ती सवड नाही त्याला वर आपण कमी आहोत असे वाटायला लावले जाते, हे तिने एका क्षणात पकडले आहे.

याच कादंबरीत गेल आहे. तो बापाविना वाढलेला आहे. बेचाळीस चिठ्ठ्यांचा धोका पत्करून तो आई आणि भावंडांना जगवतो. कॅटनिस खेळात असताना तिच्या घरीही शिकार पोहोचवतो, आणि मग खाणीत उतरतो. त्याला कोणी निःस्वार्थ म्हणत नाही. कॅटनिस तर बहिणीऐवजी स्वतः मरायला उभी राहते. तिलाही ते विशेषण क्वचितच लागते. गरिबाने केले की ती जबाबदारी, बाईने केले की ती माया, आणि ज्याच्यावर बंधन नव्हते त्याने केले की तो त्याग. हा हिशोब आपल्या चळवळीतही चालतो. घरदार सोडून फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या सत्काराला आपण हार आणतो, आणि त्याचे घरदार ज्या बाईने चालवले ती मंडपात शेवटच्या रांगेत बसलेली असते.

जाता जाता एक. व्हेरॉनिका रॉथच्या 'डायव्हर्जंट' या 2011 सालच्या कादंबरीत निःस्वार्थी लोकांचा एक स्वतंत्र गटच आहे, आणि ते निःस्वार्थी म्हणून राज्यकारभार त्यांच्याच हाती आहे. ज्यांना कोणत्याच गटात जागा नाही त्यांनी झाडलोटीची कामे करायची आणि या सज्जनांनी त्यांना अन्न वाटायचे. नायक टोबायस हा त्या गटातल्या एका पुढाऱ्याचा मुलगा; बाप त्याला 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून पट्ट्याने मारतो. निःस्वार्थ हा सत्तेचा पोशाख होऊ शकतो, एवढे त्यातून कळते. बाकी ती कादंबरी मला फारशी खोल वाटली नाही.

पुन्हा पीटाकडे येऊ. दुसऱ्या भागात विजेते म्हणून दोघे अकराव्या जिल्ह्यात जातात. रू आणि थ्रेश यांच्या घरच्यांना दर वर्षी आपल्या बक्षिसातला एक महिन्याचा हिस्सा हयातभर देण्याचे पीटा तिथे जाहीर करतो. कॅटनिसही रूबद्दल बोलते. गर्दीतला एक म्हातारा रूच्या चार सुरांची शीळ घालतो, लोक हात उंचावून तिला मानवंदना देतात, आणि शिपाई त्या म्हाताऱ्याला सर्वांसमोर गोळी घालून मारतात. पीटा संतापतो, कारण बाहेर काय पेटले आहे हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते आणि आपल्या पैशाच्या घोषणेने भर पडली हे त्याला कळते. निःस्वार्थ माणसाने केवळ चांगले असून भागत नाही. आपल्या देण्याची किंमत दुसरा कोण चुकवणार आहे हे त्याला माहीत असावे लागते. मला इथून पीटा आवडू लागतो.

तिसऱ्या भागात कॅपिटॉल त्याला पकडते आणि विष टोचून त्याच्या आठवणी नासवते. कॅटनिस दिसताच तो तिचा गळा दाबतो. पुष्कळ वाचकांना हा भाग नकोसा वाटतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याने आपला सगळा 'स्व' दुसऱ्यात ठेवला होता, त्याची ती एक आठवण नासवताच आत काही उरले नाही. मग तो लहान मुलासारखा एकेक गोष्ट विचारत जातो, हे खरे की खोटे. आणि सोबतची माणसे उत्तरे देतात. असा एकेक तुकडा जोडून तो माणूस होतो. 1978 च्या 'बलुतं'पासून आपल्या आत्मकथनांनी हेच काम केले आहे. व्यवस्थेने आपल्याविषयी सांगितलेल्यातले खरे कोणते, खोटे कोणते, हे विचारत विचारत तो 'मी' उभा राहिला. ज्यांना 'स्व' नाकारला गेला त्यांच्यापुढे निःस्वार्थ हा आदर्श ठेवणे ही क्रूर चेष्टा आहे. आधी 'स्व' तर मिळू द्या.

आणि 'स्व' जुळल्यावर पीटा काय करतो? युद्ध संपले आहे, कॅपिटॉल पडले आहे. बंडाची नवी अध्यक्षा कॉइन उरलेल्या सात विजेत्यांपुढे प्रस्ताव ठेवते की, आता कॅपिटॉलच्या मुलांचा एक शेवटचा खेळ घेऊ. पीटा ताबडतोब नाही म्हणतो. अ‍ॅनी आणि बीटी त्याच्या बाजूचे. चार मते खेळाच्या बाजूने पडतात, त्यांत कॅटनिसचे एक. प्रिमसाठी, असे ती म्हणते. ते तिच्या मनातले होते की कॉइनला गाफील ठेवण्यासाठी होते, हे वाचकांवर सोडले आहे. पीटाचा नकार कोणा एका मुलीच्या प्रेमासाठी नाही. शत्रूच्या मुलांसाठी आहे, आणि त्यात त्याला काहीही मिळायचे नाही. उलट तो हरतो.

पुढे कॅटनिस स्नोऐवजी कॉइनवरच बाण सोडते आणि बाहीतली विषाची गोळी घ्यायला तोंड वळवते. तिचे दात गोळीऐवजी पीटाच्या हातात रुततात. त्याने तिची बाही धरून ठेवलेली असते. ती सोड म्हणून ओरडते. तो म्हणतो, सोडता येत नाही. हात रक्ताळतो. करपलेला पाव लांबून टाकणारा तो हात या वेळी तिच्यापासून वीतभरही दूर नाही, आणि या वेळी ती त्याची ऋणी नाही. तिला त्याचा रागच आलेला आहे.