हाताला न लागणारी गाठ

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांचे सहकारी यांचा एक शोधनिबंध २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आखताना पडणाऱ्या एका जुन्या पेचावरचा हा निबंध घट्ट बांधणीच्या कथेसारखा पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

पेच असा. जिभेवर किंवा गालाच्या आत लहान गाठ आहे आणि ती काढायचे ठरले आहे. मान चाचपली तर हाताला काही लागत नाही. मग त्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या लसिकाग्रंथीही काढायच्या, की तोंडापुरते थांबून मानेवर नजर ठेवायची? हा रोग पसरतो तो आधी मानेत, आणि तिथली त्याची सुरुवात बोटांना कळत नाही. पण मान उघडली तर खांदा उचलणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊ शकते. शिवाय अशा रुग्णांपैकी बहुतेकांच्या ग्रंथी तपासणीत स्वच्छच निघतात. शल्यचिकित्सकांचा हा वाद कित्येक दशके चालू होता.

निबंधाचे पहिले सौंदर्य प्रश्नाच्या मर्यादेत आहे. चार सेंटिमीटरपर्यंतची, एकाच बाजूची, आधी उपचार न झालेली गाठ एवढ्यांनाच प्रवेश. जिथे दुविधा खरी आहे, तिथेच अभ्यास थांबतो. २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण सहभागी झाले आणि कोणाची मान लगेच उघडायची हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. मुख्य कसोटी एकच: माणूस जगला का?

वाट पाहणाऱ्या गटाला दिलेला न्याय मला विशेष भावतो. त्या रुग्णांची मान ठरल्या वेळी तपासली जात होती. काहींची सोनोग्राफीही होत होती. प्रतिपक्षाला दुबळे करून हरवलेले नाही. तरीही मानेत गाठ दिसू लागली तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असे. ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आल्याचे प्रमाणही जास्त होते. इतकी राखण करूनही रोग पुढे निसटतो, हा या निबंधातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग.

मधल्या पडताळणीत फरक इतका ठळक दिसला की देखरेख समितीच्या सल्ल्याने नवे रुग्ण घेणे थांबवले गेले. तेव्हा विश्लेषणात ५०० रुग्ण होते. मानेतल्या ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. मृत्यू ५० आणि ७९. म्हणजे आठ जणांच्या मानेतल्या ग्रंथी आधीच काढल्या तर एक जीव वाचतो.

एवढा कौल हाती असूनही लेखकांचा स्वर चढत नाही. शस्त्रक्रियेशी निगडित त्रास ६.६ टक्के विरुद्ध ३.६ टक्के, हा उलट बाजूचा आकडा त्यांनी निबंधाच्या सारांशातच मांडला आहे. गाठीची खोली तीन मिलिमीटरच्या आत असेल तर फायदा स्पष्ट नाही, हेही ते सांगून टाकतात. निबंधाची एक मर्यादा मात्र वाचकाने स्वतः ध्यानात ठेवावी. आपल्याकडे तंबाखूची गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये धरतात, तिथला कर्करोग इथे फार आढळतो. या अभ्यासातले बहुसंख्य रुग्ण जिभेच्या कर्करोगाचे होते.

आज शस्त्रक्रियेची आखणी करताना गाठीची खोली मोजतात, गाठीभोवतीची साधारण एक सेंटिमीटर निरोगी ऊती तिच्यासह काढायचे ठरवतात, पोकळी मोठी राहणार असेल तर ती बुजवायला मनगटाजवळच्या त्वचेचा तुकडा (फ्लॅप) आधीच योजून ठेवतात. या यादीत ‘मान’ हा शब्द निःशंकपणे येतो, तो बऱ्याच अंशी या कामामुळे. सहभागी रुग्णांनी संमती दिली तेव्हा कोणता गट वाचेल हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. ते जाणून घेण्यासाठीच हा अभ्यास होता. ‘गाठ लागत नाही, मग मान कशाला कापायची?’ असे आज एखाद्या रुग्णाच्या मुलाने विचारले, तर त्याला देता येईल असे प्रामाणिक उत्तर आता आहे, आणि ते त्या ५९६ जणांनी मिळवून दिले आहे.