मोडक्या बोलण्याचा विनोद : मार्क ट्वेनची तीन प्रवासवर्णने

१

परमुलखात गेलेला प्रवासी तेथील भाषा बोलू पाहतो आणि फसतो, हा प्रसंग प्रवासवर्णनकारांच्या नेहमीच्या आवडीचा आहे. समीक्षेत मात्र त्याचा विचार क्वचितच केला जातो. 'खेळकर', 'मिस्किल' अशी एक-दोन विशेषणे लावून समीक्षक पुढे जातात. वस्तुतः हा प्रसंग दिसतो तितका साधा नसतो. त्यात बोलणारा, ऐकणारा आणि वाचक असे तिघे गुंतलेले असतात. वाचकाला हसवावयाचे हे ठरलेले असले, तरी त्याने बोलणाऱ्यास हसावयाचे की ऐकणाऱ्यास, हे लेखकाला ठरवावे लागते. त्याच्या या निवडीतून परकीय माणसाशी त्याने कोणत्या प्रकारचे नाते जोडले आहे, हे त्याच्या उघड मतप्रदर्शनापेक्षाही अधिक स्पष्टपणे कळून येते.

मार्क ट्वेन या टोपणनावाने लिहिणाऱ्या सॅम्युएल क्लेमेन्स याची तीन प्रवासवर्णने या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत : 'द इनोसंट्स अब्रॉड' (१८६९), 'अ ट्रॅम्प अब्रॉड' (१८८०) आणि 'फॉलोइंग द इक्वेटर' (१८९७). उद्धट तरुण प्रवासी उत्तरोत्तर समंजस आणि मानवतावादी होत गेला, असा एक सरळ आलेख या लेखकाविषयी सामान्यतः काढला जातो. त्याच्या पुस्तकांतील मोडक्या भाषेचे प्रसंग एकापुढे एक ठेवले असता हा आलेख तितकासा सरळ राहत नाही. आणि ज्या ठिकाणी तो वाकतो, ते ठिकाण मुंबई आहे.

२

पहिल्या पुस्तकामागील प्रवास १८६७ सालचा. 'क्वेकर सिटी' या आगबोटीतून युरोप आणि पवित्र भूमी पाहावयास निघालेल्या अमेरिकन मंडळींबरोबर ट्वेन सॅन फ्रान्सिस्कोच्या 'आल्टा कॅलिफोर्निया' या वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून गेला होता. मार्सेय येथील भोजनगृहातला प्रसंग सर्वपरिचित आहे. मंडळींपैकी डॉक्टर मालकिणीकडे फ्रेंचमध्ये मद्य मागतो. तिला काही उमजत नाही. मग निवेदक स्वतः पुढे सरसावतो, पण त्याचेही काही चालत नाही, आणि अखेर डॉक्टरच फ्रेंच-इंग्रजी पदार्थांची एक लांबलचक सरमिसळ तिच्यापुढे ओततो. त्यावर ती बाई, आधीच इंग्रजीत का बोलला नाहीत, असे अस्खलित इंग्रजीत विचारते. ब्लूचर या सहप्रवाशाचे पत्रही याच जातीचे आहे. पॅरिसच्या खाणावळवाल्याकडे साबणाची तक्रार करताना तो निम्मे शब्द फ्रेंच आणि निम्मे इंग्रजी वापरतो, आणि हे पत्र त्याला कळणार नाही अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही.

या दोन्ही ठिकाणी हसू प्रवाशांवरच उलटते, हे मान्य केले पाहिजे. परंतु याच पुस्तकात विनोदाचा दुसराही एक प्रवाह आहे. पॅरिसमध्ये ठेवलेल्या वाटाड्याचे नाव मंडळींना पसंत पडत नाही, म्हणून ते त्याला 'फर्ग्युसन' म्हणू लागतात. पुढे देश बदलले, वाटाडे बदलले, तरी प्रत्येकाचे नाव फर्ग्युसनच राहते. जिनोआ येथील वाटाड्या आपल्या अडखळत्या इंग्रजीत कोलंबसाचा महिमा सांगू लागतो, तेव्हा मंडळी मुद्दाम निर्बुद्धपणाचे सोंग घेऊन त्याची दमछाक करतात. पाठ केलेल्या कौतुकाची ही थट्टा आहे, असे तिचे समर्थन करता येईल, आणि ते काही अंशी खरेही आहे. तथापि एक भेद उरतोच. मार्सेयची मालकीण बोलते आणि बाजी जिंकते. वाटाड्याला मात्र स्वतःचे नावही राखता येत नाही. मालकिणीवर प्रवाशांचे जेवण अवलंबून आहे, तर वाटाड्याची रोजी प्रवाशांवर अवलंबून आहे. विनोदाचा रोख येथे अवलंबित्वाच्या दिशेने वळला आहे.

३

'अ ट्रॅम्प अब्रॉड'मधील परिस्थिती अगदी निराळी आहे. १८७८ साली ट्वेन सहकुटुंब जर्मनीस गेला, हायडेलबर्ग येथे काही काळ राहिला आणि जर्मन शिकण्यासाठी त्याने खरोखरीचे परिश्रम घेतले. पुस्तकाच्या परिशिष्टात त्याने या भाषेच्या भयंकरपणावर लिहिलेला निबंध मूळ पुस्तकापेक्षाही अधिक वाचला गेला आहे.

या निबंधातील विनोद अभ्यासाखेरीज सुचणारा नव्हे. एक पक्षी पावसामुळे लोहाराच्या दुकानात थांबून राहिला आहे, एवढे एक वाक्य निवेदकास जर्मनमध्ये म्हणावयाचे आहे. प्रथम पावसाचे लिंग ठरवावयाचे. मग त्या पावसाचा नुसताच उल्लेख आहे, की तो जमिनीवर स्थिरावला आहे, की पक्ष्याच्या मार्गात काही क्रिया करीत आहे, याचा निर्णय करून त्याला प्रथमा, चतुर्थी किंवा द्वितीया लावावयाची. इतके तर्कशास्त्र खर्ची पडल्यावर शिक्षक सांगतात की, कारणवाचक शब्दयोगी अव्ययापुढे पाऊस काहीही करीत असला तरी षष्ठीच येते. ज्याने ही चूक स्वतः केली आहे, त्यालाच ती इतक्या क्रमवार सांगता येईल.

या निबंधाचे मराठी वाचन इंग्रजी वाचनाहून भिन्न ठरते. लिंगभेद हा इंग्रजी वाचकास निव्वळ विक्षिप्तपणा वाटतो. मुलीला लिंग नसावे आणि सलगमाच्या कंदाला मात्र ते असावे, या ट्वेनच्या तक्रारीवर तो खदखदून हसतो. मराठीत तीन लिंगे आहेतच. जर्मनमध्ये मुलीचा वाचक शब्द नपुंसकलिंगी होतो तो लघुत्वदर्शक प्रत्ययामुळे. आणि मराठीतही लेकरू, पाखरू, वासरू, कोकरू हे सर्व शब्द नपुंसकलिंगीच आहेत. आईच्या तोंडी मुलगीसुद्धा 'ते लेकरू' असते, आणि त्यात कोणासही विपरीत वाटत नाही. वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद हे ट्वेनचे दुसरे मोठे गाऱ्हाणे; मराठी वाक्याचे क्रियापद तर स्वभावतःच शेवटी असते. लांबच लांब सामासिक शब्दांची धास्ती संस्कृतच्या विद्यार्थ्यास घालता येणार नाही. पावसाचे म्हणावे, तर 'पाऊस' या शब्दाला 'मुळे' लागताच तो 'पावसामुळे' होतो. मराठी शिकणारा परकीय येथेही अडखळल्याशिवाय राहत नाही. तात्पर्य, मराठी वाचकास यात जर्मन भाषेचे हसू येत नाही. तिच्यापुढे भांबावलेल्या इंग्रजी भाषिकाचे येते. निबंधाचा खरा रोखही तोच आहे. व्याकरणावर रागावणारा निवेदक आपली मातृभाषा हाच जगाचा मानदंड मानून चालला आहे, आणि त्याची ही समजूत लेखक हळूहळू हास्यास्पद करीत नेतो. हायडेलबर्गच्या किल्ल्यातील संग्रहाचा रखवालदार निवेदकाचे जर्मन ऐकून ते फारच दुर्मिळ असल्याचा निर्वाळा देतो. निबंधाच्या आरंभीच येणाऱ्या या प्रसंगाने ऐकणाऱ्याला न्यायाधीशाचे आसन दिले आहे.

या थट्टेच्या पोटी ममत्वही आहे. गृहजीवन, वात्सल्य आणि निसर्ग यांविषयीची जर्मन शब्दसंपदा निवेदक मोकळ्या मनाने वाखाणतो. मानहाइमच्या नाट्यगृहात रंगमंचावरील संवाद त्याला कळत नाहीत, पण जवळ बसलेल्या दोन स्त्रियांचे बोलणे मात्र कळते. भाषा शिकणाऱ्याची ही अवस्था इतक्या नेमकेपणाने फार थोड्या लेखकांनी टिपली असेल. या ममत्वाला पुढील आयुष्याचा पुरावाही आहे. १८८८ साली त्याने संभाषणपुस्तकांतील वाक्यांवर प्रेमालाप चालविणाऱ्या तरुण-तरुणींची 'माइस्टरशाफ्ट' ही नाटिका प्रसिद्ध केली. १८९१ मध्ये 'श्ट्रुव्हेलपेटर' या जर्मन बालपुस्तकाचे भाषांतर केले. आणि १८९७ साली विएन्नाच्या 'कॉन्कॉर्डिया' या पत्रकारसंस्थेत जर्मन भाषेच्या भयानकतेवर जर्मनमध्येच भाषण केले. ज्यांच्या भाषेची थट्टा करावयाची, त्यांच्यापुढे, त्यांच्याच भाषेत आणि स्वतःच्या चुकांसह ती करणे, ही या विनोदाची परिणत अवस्था होय.

४

येथे थांबल्यास प्रगतीचा सरळ आलेख पुरा होतो. पण तिसरे पुस्तक तो पुरा होऊ देत नाही.

कर्ज फेडण्यासाठी ट्वेनने १८९५-९६ मध्ये जगभर व्याख्यानांचा दौरा काढला. त्या दौऱ्यात जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईस उतरला. 'फॉलोइंग द इक्वेटर'मधील मुंबईचे वर्णन रंगांनी आणि विस्मयाने भरलेले आहे. मुंबईच्या हॉटेलात एका जर्मन माणसाने नोकरास मारलेली थप्पड पाहून निवेदकास आपल्या बालपणीची गुलामगिरी आठवते; हा भाग त्याच्या नैतिक जाणिवेची साक्ष म्हणून यथार्थपणे उद्धृत केला जातो. परंतु लगेच पुढे मॅन्युएल या चाकराचे प्रकरण येते. त्याला निवेदक विचारतो की, तुझे इंग्रजी तू कष्टाने मिळविलेस की ती देवाची देणगी आहे ? मॅन्युएल त्या प्रश्नातील 'देव' हा शब्द तेवढा उचलतो आणि ख्रिस्ती देव एक, हिंदूंचे देव वीस लाख, मिळून वीस लाख एक, आणि ते सर्व आपलेच, असा हिशेब मांडतो. पुढे मॅन्युएलला रजा मिळते आणि दुसरा चाकर येतो. त्याचे नाव निवेदकाला अवघड वाटते, म्हणून तो त्याचे नाव 'सैतान' ठेवतो. पॅरिसचा फर्ग्युसन २९ वर्षांनी मुंबईत पुन्हा अवतरला, असेच म्हणावे लागेल.

मॅन्युएलच्या उत्तराकडे बारकाईने पाहिले पाहिजे. वाक्यातील ओळखीचा एक शब्द पकडावयाचा आणि त्याच्या आधारे उरलेला अर्थ रचावयाचा, ही परभाषेत वावरणाऱ्या प्रत्येकाची रीत आहे. मार्सेयमध्ये निवेदकाने याहून वेगळे काही केले नव्हते; हायडेलबर्गमध्येही नव्हते. शिवाय मॅन्युएलचे उत्तर असंबद्ध असले तरी अर्थहीन नाही. दोन धर्मांच्या सीमेवर जगणाऱ्या माणसाचा एक सुसंगत विचार त्यात आहे. प्रश्न मात्र असा घातलेला आहे की, उत्तर काहीही आले तरी हसू उत्तर देणाराचेच व्हावे. जर्मनीत शिकणारा अडखळतो आणि ऐकणारा न्यायाधीश असतो. मुंबईत अडखळणारा चाकर आहे आणि न्यायाधीश त्याचा धनी. धन्याने चाकराच्या भाषेत बोलू पाहावे आणि फसावे, या प्रसंगास हायडेलबर्गच्या निबंधासारखे स्थान या पुस्तकात मिळालेले नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, व्याख्यानांच्या धावपळीत भाषा शिकण्यास सवड कोठून असणार ? हा आक्षेप रास्त आहे. पण मार्सेयमध्येही सवड नव्हती, तरी तेथे बोलण्याची धडपड होती. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. हिंदी विद्यार्थ्यांच्या सदोष इंग्रजीचे नमुने याच पुस्तकात पुढे दिले असून त्यांच्या जोडीस अमेरिकन शाळकरी मुलांची तितकीच सदोष उत्तरे ठेवली आहेत, आणि दोष शिक्षणपद्धतीचा ठरविला आहे. हा न्यायीपणा नाकारण्याचे कारण नाही. पण तो परीक्षकाचा न्यायीपणा आहे. हायडेलबर्गचा निवेदक स्वतः परीक्षेस बसला होता.

५

या तुलनेवरून निघणारा निष्कर्ष केवळ ट्वेनपुरता नाही. परभाषेत बोलू पाहण्याची प्रेरणा स्वभावातील औदार्यापेक्षा गरजेतून अधिक उत्पन्न होते. आणि ही गरज केवळ अन्नपाण्याची नसून समोरच्या माणसाच्या मान्यतेचीही असते. जर्मन माणसाने आपल्याला गंभीरपणे घ्यावे असे ट्वेनला वाटत होते, म्हणून त्याने तीन लिंगे आणि चार विभक्त्या सोसल्या. १८९६ च्या मुंबईत इंग्रजीच्या पाठीशी राज्यसत्ता उभी होती. तेथे मान्यता मागावी लागत नव्हती, ती आपोआप मिळत होती. सत्तेने भाषेचे ओझे ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून उचलून बोलणाऱ्याच्या डोक्यावर ठेवले होते, आणि तो बोलणारा चाकर होता. थपडेने व्यथित होणारा संवेदनशील लेखक त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानांत माणसाचे नाव पुसून टाकतो आणि त्याला ते जाणवतही नाही, ही विसंगती व्यक्तीच्या दुष्टपणाची नाही. अन्याय ओळखता येणे आणि समानतेने बोलता येणे या दोन वेगळ्या सिद्धी आहेत. पहिली सहानुभूतीने साधते, दुसरीसाठी स्वतःची फजिती पत्करावी लागते.

प्रवासवर्णनाच्या अभ्यासकास यातून एक साधी कसोटी मिळते. लेखकाने परक्या लोकांविषयी काय मते दिली आहेत, हे पाहण्यापूर्वी त्याच्या पुस्तकात मोडके कोण बोलते, हे पाहावे. सगळ्या चुका स्थानिकांच्या पदरी आणि सगळी शुद्ध वाक्ये प्रवाशाच्या मुखी असतील, तर त्या पुस्तकातील स्नेहाची भाषा सावधपणे वाचावी. मराठी प्रवासवर्णनेही या कसोटीस अपवाद नाहीत. मराठी प्रवासी परदेशी दुकानात अडखळतो तेव्हा तो विनोद सहज रंगतो. त्याच पुस्तकात तेथील हमाल, वाढपी आणि मोलकरीण यांचे बोलणे कसे लिहिले आहे, हेही त्याबरोबर तपासले पाहिजे. ट्वेनच्या बाबतीत ही तपासणी त्याच्या कीर्तीस उणेपणा आणीत नाही. हायडेलबर्गच्या निबंधाचे मोल तीमुळे उलट अधिक स्पष्ट होते. कारण तसे लिहिणे त्यालाही सर्वत्र साधले नाही.