यंत्रलिखित बाजारवार्ता : वऱ्हाडच्या कापसासंदर्भात एक चिकित्सा

कृषी पणन मंडळाच्या दैनंदिन आकड्यांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेकरवी बाजारवार्ता लिहवून घेणे आता सुलभ झाले आहे. अकोला-अमरावतीची आवक, किमान, कमाल व सर्वसाधारण दर या रकान्यांतून क्षणार्धात परिच्छेद सिद्ध होतो. भाषा बहुधा निर्दोष असते; दोष अर्थनिर्णयनात आहे.

सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने अधिकांश माल विकला गेला तो. यंत्र त्यास सहज ‘सरासरी’ संबोधते. हे एक वेळ क्षम्य मानता येईल. परंतु कालच्यापेक्षा आकडा वाढताच ‘कापूस वधारला’ असे विधान येते. वस्तुतः काल ओला आणि आज कोरडा कापूस आला असल्यास ती तेजी कसली? भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेस दर घटतो, १२ टक्क्यांपलीकडे माल नाकारला जातो. या आकडेवारीत आर्द्रतेचा रकानाच नाही. बाजारात उभा असलेला वार्ताहर मुठीत कापूस दाबून पाहणारा व्यापारी पाहतो व त्यावर एक वाक्य लिहितो. तेवढे वाक्य गळालेली वार्ता वाचून दर्यापूरकडील शेतकरी गाडी भाड्याने करून अकोल्यास येतो, आणि त्याच्या ओल्या कापसास किमान दर पुकारला जातो.