सद्धेतूंचा धिक्कार

कांहीं लेखन असें असतें कीं, तें प्रथम वाचतांना आपण न्यायाधीशाशेजारीं बसलेले असतों, आणि दुसऱ्यांदा वाचूं लागलों म्हणजे आपण आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे आहोंत असें ध्यानांत येतें. इव्हान इलिच यांनीं २० एप्रिल १९६८ रोजीं अमेरिकन विद्यार्थ्यांपुढें केलेलें एक भाषण या जातीचें आहे. त्याचा मथळा मराठींत आणावयाचा तर ‘सद्धेतू गेले खड्ड्यांत’ असा कांहींसा आणावा लागेल. मूळांतला शब्द खड्ड्याहूनहि खालच्या लोकाचा आहे. परंतु वाचकांच्या घरांत हें मासिक सर्वांच्या हातीं जातें हें लक्षांत घेऊन मी खड्ड्यापाशींच थांबतों. भाषण अर्ध्या तासांत वाचून होतें. पन्नासांहून अधिक वर्षें तें परदेशीं सेवेस निघालेल्या तरुणांच्या हातीं दिलें जात आहे, आणि तें वाचूनहि तरुण निघतच आहेत. या दोहोंपैकीं कोणती गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे, हें ठरविणें कठीण.

इलिच हे ख्रिस्ती धर्माचे शत्रु नव्हते, हें आधींच सांगितलें पाहिजे. नाहीं तर भाषणाचें अर्धें वजन जातें. ते स्वतः कॅथोलिक धर्मगुरु होते. १९२६ सालीं व्हिएन्ना येथें त्यांचा जन्म झाला. १९५१ पासून त्यांनीं न्यूयॉर्क येथें पोर्टो रिकोहून आलेल्या गरीब लोकांच्या वस्तींत काम केलें, पुढें १९५६ मध्यें त्या बेटावरील कॅथोलिक विद्यापीठांत मोठें पद सांभाळलें, आणि १९६१ मध्यें मेक्सिकोंतील क्वेर्नाव्हाका येथें एक केंद्र काढलें. त्याच वर्षीं रोमकडून अमेरिकेंतील धर्मसंघांना असें आवाहन झालें होतें कीं, आपल्यांतील दहा टक्के माणसें दहा वर्षांच्या आंत लॅटिन अमेरिकेंत पाठवा. या निघालेल्या मंडळींना स्पॅनिश शिकविण्याचें काम इलिच यांच्या केंद्रांत चाले. शिकवितां शिकवितां त्यांचें असें मत बनलें कीं, यांतील बहुतेकांनीं आल्या वाटेनें परत जावें हें उत्तम. आगगाडीच्या तिकीट-तपासनिसानेंच प्रवाशांना उतरून जाण्याचा सल्ला द्यावा, असा हा प्रकार होता. १९६९ मध्यें त्यांनीं धर्मगुरूचें कार्य सोडलें; भाषण मात्र त्यापूर्वींचें आहे, म्हणजे घरांतल्या माणसानें घरच्यांना केलेलें आहे.

श्रोते होते कॅथोलिक विद्यार्थिवर्तुळांतून वाढलेल्या एका संघटनेचे तरुण-तरुणी. उन्हाळ्याच्या सुटींत मेक्सिकोच्या खेड्यांत जावें, तेथें शिकवावें, बांधावें, सेवा करावी, आणि महाविद्यालय उघडण्याच्या सुमारास परत यावें, हा त्यांचा क्रम. प्रॉटेस्टंट पंथांतहि हीच लाट त्या सुमारास उठली होती. जॉर्ज व्हर्वर हा तरुण १९५७ च्या उन्हाळ्यांत दोन मित्रांसह मेक्सिकोंत धर्मप्रचारास गेला, आणि लॉरेन कनिंगहॅम यांनीं १९६० मध्यें तरुणांना थोड्या मुदतीसाठीं परदेशीं पाठविणारी संस्था काढली. आयुष्य वाहून घेण्याची जुनी अट सुटली, आणि दोन आठवडे वाहिले तरी चालेल असें झालें. या शतकाच्या पहिल्या दशकांत रॉबर्ट वुथ्नो या समाजशास्त्रज्ञांनीं केलेला अंदाज असा आहे कीं, अमेरिकेंतून वर्षाला सुमारें १६ लाख लोक अशा अल्पमुदतीच्या फेरीवर जातात. त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम म्हणजे मुलांचा वर्ग : सकाळीं हातवारे करीत म्हणावयाचें गाणें, बायबलांतील एक गोष्ट, कागद-कात्री-रंगांचें कांहीं काम, मग मैदानावर खेळ; जवळ एक दुभाष्या; आणि शेवटच्या दिवशीं छायाचित्र.

आतां भाषणाकडे वळूं. त्याची पहिली कला त्याच्या आरंभांत आहे. इलिच प्रथम श्रोत्यांची स्तुति करतात. तुमच्यापैकीं पुष्कळांना आपल्या सेवेंतला पोकळपणा कळून चुकला आहे, असें ते म्हणतात, आणि श्रोते सैल होऊन बसतात. मग ते म्हणतात कीं, कळूनहि तुम्ही यंदा निघालांच आहांत, तेव्हां तुमचा हा प्रांजळपणाच तुमच्या ढोंगांत भर घालतो. एवढ्या वळणानें सभागृहाचीं सर्व दारें बंद होतात. अज्ञानाची सबब आधींच काढून घेतलेली असते आणि पश्चात्तापाची सबबहि उरत नाहीं. माझ्या वाचनांत आलेल्या वादविवादपर गद्यांत इतका निर्दय आरंभ फार थोड्या ठिकाणीं आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या उपरोधाची. अमेरिकन सरकारच्या ‘पीस कोअर’ नांवाच्या सेवादलांतील स्वयंसेवकाला परक्या संस्कृतीचा धक्का बसूं नये म्हणून दरडोई सुमारें दहा हजार डॉलर खर्च होतात, असें सांगून ते विचारतात कीं, या स्वयंसेवकाच्या दर्शनानें गरीब मेक्सिकन माणसाला जो धक्का बसेल त्याची तरतूद कोणी केली आहे काय? विनोद येथें संपत नाहीं, तो तर्काचा पाया होतो. या तरुणांना ते अमेरिकन मध्यमवर्गाच्या राहणीचे सुटींतले विक्रेते ठरवितात. त्यांच्या पिशवींत दुसरा माल नाहीं, आणि आपण माल विकतों आहोंत हें त्यांस ठाऊकहि नाहीं.

पण माझ्या मतें भाषणाचा गाभा या थट्टेंत नसून भाषेविषयींच्या त्यांच्या म्हणण्यांत आहे. ज्या खेड्याची भाषा तुम्हांला येत नाहीं तेथें तुम्ही बहिरे आणि मुके आहांत. आपण काय करतों आहोंत हें तुम्हांला समजत नाहीं आणि लोक तुमच्याविषयीं काय बोलतात हेंहि समजत नाहीं. गरिबांची सेवा करणें असेलच, तर आपल्या देशांतल्या अशा गरिबांत करा कीं, जे तुम्हांला तुमच्याच भाषेंत ‘चालते व्हा’ म्हणूं शकतील. इलिच यांचा हा निकष मला अत्यंत मोलाचा वाटतो. सेवेची कसोटी सेव्याच्या कृतज्ञतेंत शोधण्याची आपली जुनी खोड आहे. येथें ती त्याच्या नकार देण्याच्या शक्तींत शोधली आहे.

एवढें मान्य करून आतां माझी तक्रार सांगतों. या सबंध भाषणांत लहान मूल जवळजवळ नाहीं. इलिच यांच्या डोळ्यांपुढें प्रौढ शेतकरी आहे, जो सौजन्यानें हसतो, पाहुण्याला बसावयास देतो आणि मनांतलें बोलत नाहीं. परंतु हे उन्हाळी सेवक प्रौढांपाशीं फारसे जातच नाहींत. ते मुलांकडे जातात, आणि याचें कारण मुलांवरील प्रेम एवढेंच नाहीं. प्रौढापुढें दोन वाक्यांत भाषेचें दिवाळें उघडें पडतें. मुलाला भाषा लागत नाहीं. त्याला चेंडू पुरतो, गाणें पुरतें, खांद्यावर बसविणें पुरतें. शिवाय प्रौढाचें हंसू सौजन्याचें असूं शकतें, पण मुलाचें हंसू खरें असतें. त्यामुळें पाहुण्या शिक्षकाला जें प्रमाणपत्र मिळतें तें बनावट नसतें, आणि म्हणूनच तें अधिक फसवें ठरतें. आनंद झाला हें खरें. त्यावरून शिक्षण झालें असें तो समजतो. इलिच यांच्या धारदार तर्काला जें सर्वांत मोठें उत्तर मिळावयाचें, तें या हंसऱ्या चेहऱ्यांचें आहे, आणि नेमकें तेंच त्यांनीं विचारांत घेतलें नाहीं. त्यांचें भाषण वाचूनहि तरुण निघतात, त्याचें एक कारण मला येथें दिसतें.

हें मी दुरून लिहीत नाहीं. आमच्या महाविद्यालयांतून दर हिवाळ्यांत विद्यार्थ्यांचें निवासी शिबिर एखाद्या खेड्यांत जातें, आणि अनेक वर्षें त्याचा प्रमुख मी होतों. सात दिवस. सकाळीं श्रमदान, दुपारीं मुलांचा वर्ग, रात्रीं मनोरंजन. धर्म त्यांत नव्हता, समुद्रहि ओलांडावा लागत नव्हता, आणि भाषा तर आमचीच होती. कांहीं वर्षांपूर्वीं लागोपाठ दुसऱ्या हिवाळ्यांत आम्ही त्याच गांवीं गेलों, तेव्हां चौथीतली एक मुलगी वही घेऊन आली. मागल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थिनीनें तिला पाढ्यांची कांहीं युक्ति दाखविण्यास आरंभ केला होता आणि दिवाळीला येऊन पुढचें सांगेन असें म्हटलें होतें. वहींतलें तें पान अर्धें कोरें होतें. मुलीनें त्यापुढचीं पानेंहि तशींच राखून ठेवून वही उलट्या बाजूनें वापरली होती. “त्या ताई कुठं आहेत?” एवढेंच तिनें विचारलें. ताई पदवीधर होऊन नोकरीवर गेल्या होत्या. मी शाळेच्या गुरुजींना ओशाळून म्हटलें, “आमच्या मुलांचा तुम्हांला त्रासच झाला म्हणायचा.” गुरुजी भिडस्त होते. ते म्हणाले, “त्रास कसला, सर? पोरं खूश असतात. फक्त तुम्ही गेल्यावर आठ दिवस माझ्यापुढं बसत नाहीत. मला काही तशी गाणी येत नाहीत ना.”

मेक्सिकोच्या खेड्यांत असा एखादा गुरुजी असणारच, आणि त्याची वाट इलिच यांच्या भाषणांतून जावयास हवी होती. पाहुणा शिक्षक मुलाला काय देतो याची चर्चा पुष्कळ होते. जो रोजचा शिक्षक आहे त्याच्यापासून तो काय काढून घेतो, याची होत नाहीं.

इलिच यांची दुसरी चूक मला याहून मोठी वाटते. मदत करण्यास येणाऱ्या कोणाचेंच लॅटिन अमेरिकेंत येणें त्यांना नको आहे. आठवड्याचा पाहुणा आणि जन्माचा पाहुणा यांत ते अंतर करीत नाहींत. आपल्याकडचा इतिहास हें अंतर करावयास लावतो. मिस सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरल्या, मुलींना शिकवूं लागल्या, पुढें अहमदनगरास गेल्या आणि १८६२ मध्यें तेथेंच वारल्या. त्यांचा हेतु निर्मळ शिक्षणाचा होता असें कोणी म्हणणार नाहीं. धर्मप्रसार हें त्यांच्या संस्थेचें उघड ध्येय होतें. पण जोतीराव फुले यांनीं नगरास जाऊन त्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, १८४८ मध्यें पुण्यास स्वतःची शाळा काढली, आणि त्या ऋणाचा उल्लेखहि केला. शाळेची कल्पना त्यांनीं घेतली; ख्रिस्ती धर्म घेतला नाहीं. उलट, १८३९ मध्यें मुंबईस जॉन विल्सन यांच्या शाळेंतील पारशी तरुण ख्रिस्ती झाले, तेव्हां पारशी आईबापांनीं आपलीं मुलें तेथून काढून घेतलीं. हा राग रास्त होता कीं नव्हता हा प्रश्न वेगळा. मुद्दा असा कीं, घ्यावयाचें तें घेणें, नको तें टाकणें, आणि प्रसंगीं दाराशीं जाऊन भांडणें, या तिन्ही गोष्टींसाठीं शाळा उद्यां तेथें असावी लागते. ज्या ‘चालते व्हा’ला इलिच एवढें महत्त्व देतात, तें म्हणावयास समोर कोणी उभें असावें लागतें. पंधरा दिवसांचा शिक्षक गांवाला हा शब्द सुचण्यापूर्वींच विमानांत बसलेला असतो. त्याचा दोष परकेपणाचा नव्हे, तो घाईचा आहे. आणि घाईला मायदेशहि क्षमा करीत नाहीं, हें मला त्या अर्ध्या कोऱ्या पानानें दाखविलें.

भाषणाच्या शेवटीं इलिच एकदम मृदु होतात. या, आमचा देश पहा, डोंगर चढा, फुलांचा आनंद घ्या, अभ्यास करा. फक्त मदत करण्यास येऊं नका, असा त्या शेवटाचा आशय आहे. कित्येकांना हा शेवट निव्वळ उपरोध वाटतो. मला तो तसा वाटत नाहीं. पुढें १९७१ मध्यें शाळा या संस्थेवरच हल्ला करणारें जें पुस्तक इलिच यांनीं लिहिलें, त्याचें बीज येथें आहे : शिकविणारा म्हणून येणें आणि शिकणारा म्हणून येणें, यांत त्यांची निवड कायमची झालेली होती. परंतु शिकण्यास येणाऱ्यालाहि भाषा लागते, आणि भाषेला महिने लागतात. त्यांच्या स्वतःच्या केंद्रांत हेच महिने मोजून घेतले जात. भाषणांत त्या महिन्यांबद्दल एखादें वाक्य असतें, तर ऐकणाऱ्या तरुणांपैकीं एक-दोघांना तरी लाजेखेरीज दुसरेंहि कांहीं घरीं नेतां आलें असतें.

यंदाच्या शिबिराचा कागद सहीसाठीं माझ्या टेबलावर आला आहे. ‘बालवर्ग’ या सदरापुढें नेहमींप्रमाणें ‘सात दिवस, दुपारीं दोन ते चार’ असें टंकलिखित आहे. तें मी खोडलें असून त्या गांवच्या गुरुजींना लिहिलें आहे कीं, त्या दोन तासांत आमच्या विद्यार्थ्यांनीं तुमच्या वर्गांत मागल्या बाकावर बसावें कीं अजिबात येऊं नये, हें तुम्हींच कळवावें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.