एका रेघेत सगळे संपवू नका

जीवाश्मांचा पाठ शिकवताना फळ्यावर एक आडवी रेघ ओढण्याची पद्धत आहे. रेघेखाली डायनोसॉर, अमोनाइट आणि इनोसेरॅमस नावाचा समुद्री शिंपला. रेघेवर सस्तन प्राणी. शेजारी लिहायचे : ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, उल्का व दख्खनचा ज्वालामुखी. आकृती लक्षात ठेवायला सोपी आहे, हा तिचा गुण मान्य. पण इनोसेरॅमसच्या बाबतीत ती चुकते, आणि ही चूक आम्हाला किरकोळ वाटत नाही.

इनोसेरॅमस हा दोन झडपांचा शिंपला. पाठीवर ठळक वळ्या. कवचाचा बाहेरचा थर कॅल्साइटच्या उभ्या, बारीक स्फटिकांचा. शिंपला फुटला की हे स्फटिक सुटून गाळात मिसळतात. त्यामुळे अखंड शिंपला नसला तरी त्याचा माग लागतो. बिस्केच्या उपसागराकाठच्या खडकांत असा माग काढल्यावर या कुळातले जवळजवळ सगळे शिंपले ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास नाहीसे झालेले दिसले. म्हणजे रेघेच्या सुमारे २० लाख वर्षे आधी!

मोडनिंबच्या वर्गात तर ही चूक अधिक खटकावी. तिथे विहीर खणताना लागणारा मुरूम आणि काळा पाषाण त्याच ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. ‘आपल्या दगडाने शिंपले मारले’ अशी समजूत घेऊन मुले घरी जाऊ नयेत. मोडनिंबच्या पाषाणात इनोसेरॅमस सापडणार नाही. त्यासाठी मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातील बाघ परिसरात जावे लागेल. तिथल्या शिंपल्यांचा अभ्यास पुण्याच्या चिपळूणकर व बडवे या संशोधकांनी १९७० च्या दशकात प्रसिद्ध केला. तेथे सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक खाली आणि लाव्हा वर आहे. यावरून आधी कोण आणि नंतर कोण ते कळते. नंतरच्यामुळे आधीचा संपला, हे मात्र सिद्ध होत नाही. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांतला हा फरक शिकवणे हेच विज्ञानशिक्षकाचे काम नव्हे काय?

रेघ पुसायला नको, तिला माप द्यावे. एक मीटर लांबीची कागदी पट्टी घ्या. १ सेंटीमीटर म्हणजे १० लाख वर्षे. आजपासून मोजत ६६ वर लाव्हा, ६८ वर इनोसेरॅमसचा ऱ्हास, ९० वर बाघचा चुनखडक अशा खुणा करा. मधले दोन सेंटीमीटर मुलांना बोटाने मोजू द्या. मग शिंपले कशाने गेले, हे मुलेच विचारतील. समुद्रतळाशी वाहणाऱ्या पाण्यात झालेला बदल हे त्याचे सुचवले गेलेले एक कारण आहे. ते त्या वेळी सांगावे, आधी नाही.