सर्वांचे गाणे आणि कर्त्याचे नाव : रिओचा सांबा दोन चित्रपटांत

लोकोत्सव सर्वांना खुला असतो, म्हणून त्यातील निर्मितीही कोणा एकाची नसते, असा निष्कर्ष अनेकदा नकळत काढला जातो. ब्राझीलच्या संस्कृतीचा जगभर जो गौरव झाला, त्यामागे हे गृहीतक प्रभावीपणे कार्यरत राहिले आहे. नेल्सन परेरा दॉस सांतोस यांचा ‘रिओ, झोना नॉर्ते’ (१९५७) आणि मार्सेल कामू यांचा ‘ऑर्फेऊ नेग्रो’ (१९५९) हे दोन चित्रपट एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असता या गृहीतकाची तपासणी करता येते.

सांबाच्या इतिहासात हा प्रश्न आरंभापासूनच उपस्थित आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बाहियातून रिओत आलेल्या तिया सियाता यांच्या घरी कृष्णवर्णीय गायक-वादकांच्या मैफली होत. तेथे सामूहिकपणे आकाराला आलेले ‘पेलो तेलेफोने’ हे गीत दोंगा यांनी १९१६ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात नोंदवले. १९१७ च्या कार्निव्हलमध्ये ते गाजले आणि त्याच्या कर्तृत्वाविषयी वादही झाला. त्या घराच्या परिसरातील प्रासा ओन्झे या चौकात १९३२ मध्ये सांबा मंडळांची पहिली स्पर्धा भरली. १९४० च्या दशकात नव्या राजरस्त्यासाठी तो चौक बहुतांशी पाडण्यात आला.

कामू यांच्या चित्रपटाचा आधार विनीसियस द मोराइस यांचे १९५६ मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक होय. ग्रीक मिथकातील ऑर्फियस येथे ट्रामचा चालक आहे. कार्निव्हलच्या गर्दीतच तो युरिडिसीला गमावतो. फ्रान्सची प्रवेशिका म्हणून या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, कान येथे सर्वोच्च पुरस्कार लाभला, आणि लुईस बोनफा व आंतोनियो कार्लोस जोबिम यांचे संगीत देशोदेशी पोहोचले. त्याचे हे श्रेय निर्विवाद आहे. मात्र येथील फावेलात गाणे सूर्यप्रकाशासारखे उपलब्ध असते. ते रचण्यामागचे श्रम पडद्यावर क्वचितच दिसतात. पुढे काएतानो व्हेलोसो यांनी आपल्या आत्मपर ग्रंथात (१९९७) ब्राझिलियन प्रेक्षकांना या चित्रणात जाणवलेला कृत्रिमपणा नोंदवला. त्याच व्हेलोसो यांनी कार्लोस दिएगेस यांच्या ‘ऑर्फेऊ’ (१९९९) या नव्या रूपाला संगीत दिले. त्यातील नायक सांबा मंडळाचा गीतकार आहे.

परेरा दॉस सांतोस यांच्या चित्रपटाचा नायक एस्पिरितो दा लूझ हाही फावेलातील सांबाकारच. ग्रांदे ओतेलो यांनी ही भूमिका साकारली. झे केती या सांबाकारांनी चित्रपटासाठी गाणी दिली आणि त्यात कामही केले. उपनगरी गाडीतून पडून लोहमार्गाशेजारी मरणासन्न पडलेल्या या माणसाच्या स्मृतींतून कथा उलगडते. त्याचे गीत दुसऱ्याच्या नावे ध्वनिमुद्रित होते. मॉअसीर हा सुशिक्षित व्हायोलिनवादक त्याच्या प्रतिभेचे मनापासून कौतुक करतो, परंतु ते कौतुक कृतीपर्यंत पोहोचत नाही. चित्रपटाचा सर्वांत तीक्ष्ण आरोप चोरावर नसून या रसिकावर आहे. लोकसंस्कृतीचा गौरव करणारा अभिजन तिच्या कर्त्याला एकटा सोडू शकतो, हे येथे कोणतीही आरडाओरड न करता दाखवले आहे.

दोन्ही चित्रपटांच्या शेवटी गायक मरतो आणि गाणे मागे उरते. कामूंच्या चित्रपटात एक मुलगा गिटार उचलतो, ती वाजवतो आणि सूर्य उगवतो. वारसा काहीही न हरवता, जणू निसर्गनियमाने, पुढे जातो. ‘एस्पिरितो दा लूझ’ म्हणजे ‘प्रकाशाचा आत्मा’. त्याच्या मृत्यूनंतर मात्र आपोआप काहीच उगवत नाही. त्याची गाणी कोणाला ठाऊक आहेत, हे मॉअसीरला त्याच्या मित्राकडे विचारावे लागते. वस्तीची स्मृती हाच येथे एकमेव दस्तऐवज असून तो नाशवंत आहे. पहिला शेवट सांत्वन करतो, तर दुसरा जबाबदारी सोपवतो.

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी अभंगातील नाममुद्रेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मौखिक परंपरेत रचना सर्वांच्या मुखी गेली तरी कर्त्याचे नाव तिच्या अखेरच्या चरणातच वसते. त्या नावाने इतरांनीही रचना केल्या, तरी गाणारा ते नाव उच्चारतोच. ध्वनिमुद्रित सांबाचे कर्तृत्व मात्र तबकडीवरील कागदी चिठ्ठीवर, म्हणजे गाण्याच्या बाहेर असते. चिठ्ठी बदलली की कर्ता बदलतो. गाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

१९८४ मध्ये ऑस्कर निमायर यांनी आराखडा केलेले सांबाद्रोम उभे राहिले आणि मंडळांच्या मिरवणुकीला प्रेक्षागृहाचे कायमस्वरूपी दालन मिळाले. रस्त्यावरील विनामूल्य ‘ब्लोको’ पथके तरीही टिकून आहेत. तेथे पाहणारा आणि नाचणारा यांत भिंत नसते. या मोकळेपणाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ‘सर्वांचे असणे’ आणि ‘कोणाचेच नसणे’ यांतील अंतर पुसले गेले, तर उत्सवाचा मोकळेपणा कर्त्याच्या विस्मरणावर उभा राहतो. ‘ऑर्फेऊ नेग्रो’ने ब्राझीलचे गाणे जगाला ऐकवले. ते कोण गात होता, हा प्रश्न त्याच्या दोन वर्षे आधीच ‘रिओ, झोना नॉर्ते’ने विचारून ठेवला होता.