पीटर पीबल्सचा दावा : कायदा आणि कादंबरी

स्कॉटलंडचे सर्वोच्च दिवाणी न्यायालय, ‘कोर्ट ऑफ सेशन’, १५३२ साली स्थापन झाले. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट १८०६ पासून १८३० पर्यंत याच न्यायालयात प्रमुख लिपिक होते. त्यांची ‘रेडगाँटलेट’ (१८२४) ही कादंबरी या न्यायालयाच्या सुधारणांसोबत वाचली पाहिजे.

जुन्या पद्धतीत एका न्यायाधीशाच्या निर्णयावर पंधरा जणांच्या मंडळापुढे दाद मागता येई. कैफियती बहुतांशी लेखी असत आणि कागदाला कागद जोडला जाई. १८०८ च्या कायद्याने मंडळाचे दोन विभाग केले. १८१५ च्या कायद्याने दिवाणी दाव्यांत ज्यूरी आणली. १८२५ च्या कायद्याने कैफियत एकदा निश्चित करून पुढील लांबणीला आळा घातला. १८३० मध्ये न्यायाधीशांची संख्या तेरावर आली.

१८०७ साली स्कॉट यांनी या बदलांना विरोध केला होता. १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसद गेली. निदान न्यायसंस्था तरी आपल्या वळणाची राहावी, ही त्यामागची तळमळ होती. ती खोटी म्हणता येणार नाही.

परंतु कादंबरी वेगळीच साक्ष देते. तिचा काळ अठराव्या शतकातील आहे. एकेकाळचा सुखवस्तू व्यापारी पीटर पीबल्स भागीदाराविरुद्धच्या दाव्यात कंगाल होतो, आणि तरीही त्या दाव्याचाच अभिमान मिरवतो. न्यायालयात तो थट्टेचा विषय आहे. तरुण वकील अॅलन फेअरफोर्ड हा गुंता तोंडी युक्तिवादाने उलगडतो आणि न्यायाधीश लक्ष देऊन ऐकू लागतात. तेवढ्यात मित्र संकटात असल्याचे पत्र हाती पडते आणि अॅलन न्यायालय सोडून निघून जातो. दावा पुन्हा होता तिथेच!

कादंबरीचे मर्म याच प्रसंगात आहे. अॅलन वाईट माणूस नाही. त्याचे जाणेही समजण्यासारखे आहे. पण ज्या व्यवस्थेत पक्षकाराचा न्याय एका सज्जनाच्या हजेरीवर अवलंबून असतो, ती व्यवस्था सदोषच म्हटली पाहिजे. सज्जन निघून गेल्यावरही न्याय चालू राहावा, यासाठीच कायदा लागतो.

स्कॉट यांची मर्यादाही येथेच दिसते. पीटरच्या हट्टावर ते वाचकाला मनमुराद हसवतात. त्याला या अवस्थेस आणणाऱ्या पद्धतीवर मात्र तितके रागावत नाहीत. तरीही सुधारणेला विरोध करणाऱ्या लेखणीनेच सुधारणेची निकड इतकी स्पष्ट मांडावी, हे या कादंबरीचे मोठे यश आहे. लेखकाच्या मतापेक्षा त्याची कलाकृती अनेकदा अधिक प्रामाणिक असते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण सहसा सापडणार नाही.